काचेच्या मेजावरचा रुपया

नाण्यांच्या जादूला रंगमंच लागत नाही. पेट्या, पिंजरे, काळे पडदे, धूर, वाद्यवृंद यांपैकी काहीही तिच्या संसारात नसते. एक मेज, चार नाणी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या आणि हाताच्या अंतरावर बसलेली पाच-सहा माणसे, एवढ्यावर हा खेळ उभा राहतो. मेजावर बहुधा जाडसर कापड अंथरलेले असते. त्या कापडाने नाण्याचा आवाज दबतो आणि बोटाने कड दाबली की नाणे अलगद वर उचलले जाते. मेजाखाली काय चालले आहे हे तर कोणालाच दिसत नाही. बसून खेळ करणारा कलावंत नाणे मेजाच्या कडेपर्यंत ओढून आणतो, ते मांडीवर सोडतो आणि मग रिकामी मूठ सावकाश उघडून दाखवितो.

हेच मेज काचेचे केले की हे सारे आधार एकाच वेळी निघून जातात. मांडी दिसते, पाय दिसतात. मेजाजवळ फरशीवर मांडी घालून बसलेले लहान मूल तर खालून थेट तळहातात पाहते. काचेवर टेकलेल्या हाताचे प्रतिबिंब पडते आणि बोटांत दडविलेल्या नाण्याची चकाकी त्या प्रतिबिंबात हमखास सापडते. नाणे गुळगुळीत पृष्ठावर घसरते, उचलताना नखाला दाद देत नाही आणि जरा धक्का लागला की खणकन बोलते. म्हणूनच काचेच्या मेजावर नाण्यांचा खेळ नीट करून दाखविणारा हात खरोखर तयार झालेला असतो, असे समजण्यास हरकत नाही.

हा विषय या सदरात कसा आला, ते सांगावयास हवे. सांगलीकडील एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचा सोळा वर्षांचा नातू मोबाईलवर पाहून पाहून हा खेळ शिकला. दशलक्षण पर्वात सायंकाळच्या मुलांच्या कार्यक्रमात त्याने तो सादर केला. मंडळींनी टाळ्या वाजविल्या. आजोबांना मात्र टाळी वाजविता आली नाही, कारण तो दिवस नेमका तिसरा, म्हणजे उत्तम आर्जवाचा होता. सकाळी प्रवचनात मन, वचन आणि काया यांच्या सरळपणाचे विवेचन ऐकावे आणि सायंकाळी घरच्याच मुलाने सर्वांसमक्ष डाव्या हातात ठेवल्याचे भासवून रुपया उजव्या हातात राखावा, हे त्यांना पटेना. पत्राच्या शेवटी ते विचारतात की, ज्या हातात उद्या गिऱ्हाईक विश्वासाने पैसे ठेवणार, त्या हाताला नाणे लपविण्याची सवय लावावी काय? शिवाय हा मुलगा सराव करतो तो दुकानातल्या काचेच्या काउंटरवरच.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. व्यापारी घराण्याची पुंजी तिजोरीत असते त्याहून अधिक हाताच्या लौकिकात असते. तेव्हा उत्तराकडे वळण्यापूर्वी हा हात काय करतो, ते थोडे जवळून पाहू.

मूळ क्रिया दोनच आहेत. पहिली, नाणे हातात राखून हात रिकामा दिसू देणे. अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा आणि करंगळीखालचा उंचवटा यांच्या चिमटीत नाणे तळहाताच्या मध्यावर धरता येते, किंवा मधल्या दोन बोटांच्या मुळाशी, बोटे किंचित वाकवून, ते विसावते. बोटे ताठ झाली की संशय येतो. हात सहज लोंबकळताना जितका वाकलेला असतो, तितकाच वाकलेला राहावा लागतो. दुसरी क्रिया म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात नाणे दिल्याचा आभास. येथे बोटांइतकेच काम डोळे करतात. कलावंत ज्या रिकाम्या मुठीकडे पाहतो, तिकडेच सर्वांची नजर जाते. तो स्वतःच चोरट्या हाताकडे पाहू लागला तर सारे संपले. या दोन क्रिया साधण्यास महिनोन्‌महिने लागतात, आणि त्या साधल्याची खूण अशी की करणाऱ्याला आपण काही करीत आहोत याची आठवणही राहू नये.

काचेच्या मेजावर यांना तिसरी जोड मिळते, ती आवाजाची. जादूगारांच्या बोलीत नाणी एकमेकांवर आपटली की ती ‘बोलतात’, आणि एरवी हे बोलणे म्हणजे चहाडीच. काचेवर ती बंद करता येत नाही, म्हणून कुशल कलावंत तिलाच साक्षीला उभे करतो. नाणे मेजातून आरपार जाते असा एक प्रसिद्ध खेळ आहे. एक हात वर, एक हात काचेखाली. वरच्या हाताने नाणे थाडकन आपटतो, त्याच क्षणी खाली दुसरे नाणे काचेला टेकते, आणि कान ग्वाही देतो की आवाज एकच झाला. डोळ्यांना काचेतून सर्व दिसत असते, तरीही ते कानाचे ऐकतात. सगळे गुपित उघडे करणे हे कलावंतावर अन्याय करणारे होईल. पण व्यापाऱ्यांना रुचेल असे एक मर्म सांगतो. अशा कित्येक खेळांत करणाऱ्याजवळ एक नाणे जास्त असते, ज्याची नोंद प्रेक्षकांच्या मनातल्या रोजकीर्दीत कधी झालेलीच नसते. शिल्लक जुळत नाही ती तेवढ्यामुळे.

नाण्याच्या आवाजाशी आपले नाते तर जादूगारांपेक्षा जुने आहे. पेढीवर दगडी फरशीवर रुपया वाजवून घेण्याची रीत अगदी कालपरवापर्यंत होती. चांदीचा रुपया लांबवर घुमत राहतो. शिसे किंवा कथील मिसळलेला खोटा रुपया बद्द वाजतो आणि लगेच गप्प होतो. कारण साधे आहे: मऊ धातू कंप आतल्या आत जिरवितो. ‘खणखणीत नाणे’ हा शब्दप्रयोग आपण आज माणसाच्या गुणाविषयी वापरतो, तो सराफाच्या फरशीवरून आला. ‘बट्टा’ही तसाच. निरनिराळ्या टांकसाळींची, झिजलेली, कमी कसाची नाणी बदलून देताना सराफ जी कसर कापून घेत तो बट्टा. पुढे तो माणसाच्या नावाला लागू लागला. १८३५ च्या कायद्याने कंपनीने १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया आणला, तेव्हा सराफांच्या या विद्येचे महत्त्व हळूहळू ओसरले.

या विद्येचा एक थोर ग्रंथकार जैन श्रावक होता, हे आपल्या घरांत फारसे सांगितले जात नाही. ठक्कुर फेरू हे श्रीमाल कुळातील गृहस्थ दिल्लीच्या सुलतानांच्या पदरी होते आणि तेथील टांकसाळीचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. रत्नांवर, वास्तूवर, गणितावर त्यांनी लिहिले. आणि १३१८ साली ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला, ज्यात निरनिराळ्या राज्यांच्या नाण्यांची वजने, त्यांतील सोन्यारुप्याचे प्रमाण आणि कस लावण्याच्या रीती दिल्या आहेत. हा ग्रंथ त्यांनी आपल्या भावाच्या आणि मुलाच्या उपयोगासाठी लिहिला. खरे नाणे मुलाच्या हाती द्यावयाचे तर खोटे कसे घडते हेही त्याला शिकवावे लागते, हे त्या गृहस्थांनी सातशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

नाण्यांचाच विषय निघाला म्हणून एक गंमत. जगभरचे नाण्यांचे जादूगार ज्यावर हात बसवितात ते अमेरिकेचे अर्ध्या डॉलरचे नाणे ३०.६ मिलीमीटर व्यासाचे आणि ११.३४ ग्रॅम वजनाचे आहे. आपल्या घरोघरी दिवाळीच्या पूजेत मांडला जाणारा राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि व्यासानेही जवळजवळ तेवढाच. तळहातात तो बसतो तसे आजचे एकही नाणे बसत नाही. आजचा रुपया त्याहून पुष्कळच लहान आणि हलका. तो लपविणे सोपे, पण पाहणाऱ्याला दिसणेच कठीण. त्यातल्या त्यात दहा रुपयांचे दुरंगी नाणे, २७ मिलीमीटरचे, सरावाला बरे. या बिचाऱ्या नाण्याच्या नशिबी तर वेगळीच जादू आली होती. ते खोटे आहे अशी अफवा उठली आणि ठिकठिकाणी दुकानदार व गिऱ्हाईक दोघेही ते घेईनात. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की त्याचे चौदाही नमुने खरे आहेत. समोर धडधडीत पडलेले नाणे कोणी हातही न लावता नाहीसे झाले, असा हा प्रयोग.

ही कला आपल्या मातीला परकी नाही. बाजाराच्या दिवशी वडाखाली बसणारा गारुडी वाट्या आणि कापडी गोळ्यांचा खेळ करी, तेव्हा त्याच्यापुढे मेज नव्हतेच. चारी बाजूंनी माणसे, अंगात बंडी, दंड उघडे. काचेच्या मेजाची कसोटी त्याच्या कसोटीपुढे सौम्यच म्हणावी लागेल. मराठी रंगभूमीवर या विद्येला प्रतिष्ठा मिळवून दिली ती पुण्याच्या जादूगार रघुवीर यांनी, म्हणजे रघुवीर भोपळे (१९२४–१९८४) यांनी. त्यांनी देशोदेशी प्रयोग केले आणि आपल्या प्रवासावर मराठीत पुस्तकही लिहिले. पश्चिमेकडे नाण्यांचा राजा म्हणून गाजलेले नेल्सन डाउन्स हे मूळचे अमेरिकेतील आयोवा राज्यातले रेल्वेचे तारबाबू. १८९९ मध्ये ते लंडनच्या पॅलेस नाट्यगृहात आले. हवेतून एकामागून एक नाणी काढून ती टोपीत टाकीत जाण्याचा त्यांचा खेळ ‘कृपणाचे स्वप्न’ या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाला. हे नाव ज्याने ठेवले त्याला लोभ कषायाची ओळख चांगली असावी.

आता आर्जवाकडे. चार कषायांपैकी माया म्हणजे कपट, वक्रता. गोम्मटसारात तिच्या तीव्रतेला चार उपमा दिल्या आहेत: वेळूचे मूळ, मेंढ्याचे शिंग, चालत्या गायीच्या मूत्राची रेघ आणि खुरप्याचा वाक. पहिली कधी सरळ होत नाही, शेवटची थोड्या प्रयत्नाने होते. मग नाण्याचा खेळ कोणत्या वाकात बसवावा? केवळ हाताची गती वक्र आहे म्हणून तो कपट ठरत असेल, तर नाटकातला राजा खोटारडा आणि कोडे घालणारी आजी ठक ठरेल. कपटाला समोरच्याचे काही हिरावण्याचा हेतू लागतो. अचौर्याची व्याख्या करताना शास्त्रकारांनी ‘अदत्तादान’ हा शब्द योजला, जे दिले नाही ते घेणे. जादू पाहावयास बसलेला माणूस आपला क्षणभराचा भ्रम स्वतःहून देत असतो. तो म्हणतो, फसव मला, कसे फसवितोस ते पाहू. खेळ संपला की त्याचे नाणे त्याच्या हातात असते आणि कोणाच्याही मनात कोणतीही खोटी समजूत मागे राहिलेली नसते. ही शेवटची अट महत्त्वाची. कलावंताने जर सुचविले की हे मंत्राने झाले, मला सिद्धी आहे, तर त्याच क्षणी दत्ताचे अदत्त होते. व्रती निःशल्य असावा म्हणतात, आणि तीन शल्यांत माया व मिथ्या शेजारीशेजारी आहेत ते काही उगीच नव्हे.

या बाबतीत आपल्या परंपरेने घेतलेली भूमिका विलक्षण रोखठोक आहे. आचार्य समंतभद्रांच्या ‘आप्तमीमांसे’चा प्रारंभच तिच्यापासून होतो. देवांचे येणे, आकाशगमन, चामरे ढाळली जाणे हे वैभव तर मायावी लोकांतही दिसते, तेव्हा त्यासाठी, हे जिनेंद्रा, आपण आम्हांस महान नाही, असा त्या पहिल्या श्लोकाचा आशय आहे. स्तुतीचा ग्रंथ, आणि आरंभच चमत्काराला बाजूला सारून! त्या श्लोकाच्या पहिल्या शब्दावरून हा ग्रंथ ‘देवागम’ म्हणूनही ओळखला जातो आणि अकलंक व विद्यानंद यांसारख्या आचार्यांनी त्यावर टीका लिहिल्या. आप्त कोण हे ठरवावयाचे ते वचन निर्दोष आहे की नाही यावरून. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने रुपया ‘नाहीसा’ केला आहे, त्याला हा श्लोक समजाविण्यास फार वेळ लागणार नाही असे मला वाटते. चमत्कार मायाव्यालाही साधतो म्हणजे काय, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते.

हेच काम आपल्या भागात एका डॉक्टरांनी आयुष्यभर केले. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. जन्म १ नोव्हेंबर १९४५. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले, साताऱ्यात त्यांनी वैद्यकी केली आणि १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांतून बुवांचे चमत्कार करून दाखवीत आणि मग ते कसे केले ते सांगत. हवेतून विभूती काढण्याचा प्रकार घ्या. राख पेजेत कालवून घट्ट गोळी वळतात, वाळवितात, ती अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात धरतात आणि हात फिरविता फिरविता बोटांनी चुरतात. नाणे राखण्याची हीच ती क्रिया. फरक इतकाच की बुवा विभूतीबरोबर भक्ताचे इमान आणि बहुधा त्याचा पैसाही घेऊन जातो. दाभोलकरांच्या सगळ्या मतांशी आपले एकमत असावे असा आग्रह नाही. पण चमत्कारावाचून श्रद्धा ठेवणाऱ्या समाजाला या एका कामात अडचण वाटण्याचे कारण नव्हते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. चारच दिवसांनी जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षअखेर त्याचा कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसविणे व त्यातून पैसा मिळविणे याचा समावेश त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. ‘पैशांचा पाऊस’ पाडून देतो असे सांगणारे भोंदू आजही वर्तमानपत्रांत येतात, आणि त्यांच्याकडे नोटांची पिशवी घेऊन जाणाऱ्यांत शिकलेले व्यापारीही असतात.

उघडे आणि झाकलेले यांचा हा प्रश्न बाजारालाही नवा नाही. आपल्याकडील अनेक बाजारपेठांत एके काळी रुमालाखाली सौदा होई. आडत्या आणि खरेदीदार कापडाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा राहून केवळ रुमालाची हालचाल पाही. त्या बोटांचे कौशल्यही काही कमी नव्हते. नियंत्रित बाजारांनी उघड लिलाव आणला तो हा रुमाल काढण्यासाठी. म्हणजे मेज काचेचे केले. तरी काच बसविली की हात शुद्ध झाले असे होत नाही, हे नाण्याच्या खेळाने आपण पाहिलेच आहे. वजनकाट्याचे आकडे गिऱ्हाइकाकडे तोंड करून लावले, तरी ताटलीखाली काय आहे हे ठेवणाऱ्यालाच ठाऊक. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत मापात कमीजास्त करणे, म्हणजे हीनाधिकमानोन्मान, आणि खऱ्यात खोटे मिसळून देणे, म्हणजे प्रतिरूपकव्यवहार, हे दोन स्वतंत्र मोजले आहेत. गिऱ्हाइकाचे डोळे उघडे आहेत की मिटलेले, याचा त्यांत उल्लेखही नाही.

आणि उलट बाजूही आहे. काउंटरच्या पलीकडून जी फसवणूक होते, ती याच विद्येने होते. दोघे जण दुकानात येतात. एक मोठी नोट देतो, सुट्टे घेतो, मग विचार बदलून काही नोटा परत करतो, आणखी काही मागतो. हिशेब दोनदा उलटासुलटा होतो आणि मधली एक नोट कोणाच्याच लक्षात राहत नाही. सराफाच्या काचेवर तीन अंगठ्या मांडलेल्या असताना दुसरा माणूस नेमका भिंतीवरच्या हारांची किंमत विचारतो. दागिने उजळून देतो म्हणून दारात येणारा, किंवा पोलीस असल्याची बतावणी करून दागिने रुमालात बांधून देणारा, पुडी परत देतो ती हुबेहूब तशीच दुसरी. नजर कोठे ओढली जात आहे हे ओळखण्याची सवय ज्याला आहे, तो अशा वेळी आपसूक उलट बाजूस पाहतो. नाण्यांचा सराव केलेला सोळा वर्षांचा मुलगा गल्ल्याजवळ बसला असेल, तर तो चार नोकरांपेक्षा भारी पडावा.

म्हणून आजोबांना नम्रपणे लिहावेसे वाटते की, आपण नातवाला हा खेळ सोडावयास सांगू नये. काही बंधने मात्र जरूर घालावीत. दुकानाच्या वेळेत काउंटरवर सराव नको. गिऱ्हाइकाने दिलेल्या पैशाशी, गमतीनेसुद्धा, एकदाही खेळ नको. मोड परत देताना हात सावकाश चालावा, पंजा पूर्ण उघडा असावा आणि नाणी एकेक करून मोजून काचेवर ठेवावीत. लोकांसमोर खेळ करण्यापूर्वी त्याने स्पष्ट सांगावे की ही हातचलाखी आहे. पैज लावून खेळ कधीही करू नये, मग ती चहाची का असेना. आर्जवाच्या दिवशी हा कार्यक्रम ठेवावा की न ठेवावा, याचा निर्णय कार्यक्रम ठरविणाऱ्यांनी करावा. मला विचाराल तर त्याच दिवशी ठेवावा, पण खेळानंतर मुलाने एक प्रकार उलगडून दाखवावा आणि त्या निमित्ताने समंतभद्रांचा पहिला श्लोक कोणा जाणत्याने लहानांना समजावून द्यावा. प्रवचनाला न थांबणारी मुलेही त्या दिवशी थांबतील.

राहिला प्रश्न सरावाच्या सोयीचा. घरच्या काचेच्या टेबलाची काच साधी आहे की कडक केलेली, हे आधी पाहून घ्यावे. नाणे आपटण्याच्या खेळाला निदान आठ-दहा मिलीमीटर जाडीची कडक काच हवी, आणि कडक काचसुद्धा कडेवर मार बसला तर क्षणात चुरा होते, म्हणून आघात नेहमी मध्याकडे व्हावा. मेजाखाली गडद सतरंजी असेल तर काच आरशासारखी वागते. फिकट चटई टाकली की प्रतिबिंब पुष्कळ कमी होते. दिवा समोरून आणि वरून हवा. सुरुवात दहाच्या दोन नाण्यांनी करावी, आणि समोर आरशाऐवजी घरातले सर्वांत लहान मूल फरशीवर बसवावे, कारण ते खालून पाहते आणि भीड न ठेवता सांगते. पूजेतले राणीछाप रुपये मागण्याची वेळ एक दिवस येईलच. ते चांदीचे असल्याने काचेवर आपटून त्यांच्या कडा झिजतात; तेव्हा आजोबांनी एखादा आधीच झिजलेला रुपया निवडून वेगळा काढून ठेवावा आणि बाकीचे कुलुपात ठेवावेत.